अंड्यातला कोळी

खुडूक कोंबडीखाली ठेवलेली अंडी भरली की नाही, हे आमच्या गावात मी पाहतो. आधी बाप पाहायचा, त्याच्यामागं मी. चांदूर रेल्वेच्या बाजारात कोंबड्या आणणाऱ्या बायासुद्धा मला ओळखतात. हल्लीची पोरं मोबाइलची बॅटरी लावून अंडं पाहतात. मी लावत नाही. आमच्या गोठ्याच्या दाराला एक भोक आहे, अंड्यापेक्षा जरासं लहान. दुपारून ऊन दारावर आलं की दार लावून घ्यायचं, आत अंधार करायचा आणि अंडं त्या भोकाला टेकवायचं. ऊन आरपार येतं आणि अंडं दिव्यासारखं पेटतं.

कोंबडी बसून आठवडा झाला की हे काम करायचं. नुसता पिवळा उजेड दिसला तर अंडं वांझ, कोंबडा त्याला लागलाच नाही. जीव धरला असला तर मधोमध काळा ठिपका दिसतो आणि त्याला चहूकडून बारीक लाल पाय फुटलेले असतात. भिंतीवर जाळं विणणारा कोळी असतो ना, अगदी तसा. आम्ही त्याला कोळीच म्हणतो. तो हलतो. वांझ अंडी वेळेवर काढून टाकावी लागतात. नाही काढली तर ती उबेनं सडतात, एखादं कोंबडीखालीच फुटतं आणि बाकीच्यांचीही नासाडी होते. बिचारी कोंबडी तीन हप्ते दाणापाणी सोडून बसते, अंगाची काडी करून घेते, तिची मेहनत फुकट जाऊ नये म्हणून हे पाहणं.

मी दुसरीत शाळा सोडली, पण नजरेच्या कामात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. तीही एका डोळ्याची नजर. डावा डोळा जवानीतच गेला. कपाशीची पऱ्हाटी उपटत होतो, एक वाळकं झाड झटक्यानं निघालं आणि त्याचा शेंडा सरळ डोळ्यात. तेव्हापासून उजवा एकटा. लोक म्हणायचे, दुसरे नेम धरायला एक डोळा झाकतात, याला झाकायचंही काम नाही. मला राग यायचा नाही. उजव्या डोळ्याची घमेंडच होती मला. म्हातारीच्या, म्हणजे बायकोच्या, सुईत दोरा मी ओवून द्यायचो.

या थंडीत शेजारीण आली. तिची लाल कोंबडी खुडूक होऊन बसली होती, पिसं फुगवून, जवळ गेलं की चोच मारणारी. शेजारणीनं घरी टोपलीत तुरीच्या भुशाचं कुटार अंथरलं होतं, बुडाशी राख, आणि वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून एक लोखंडाचा खिळा. अंडी तेवढी पदरात घेऊन आली.

"भाऊजी, पाहून द्या ना एवढी."

"आन इकडं. उन्हात काहून धरून उभी राह्यली? शिजवाची हायत का?"

मी गोठ्यात शिरलो, दार लावलं. पहिलं अंडं लावलं, कोळी. दुसरं लावलं, कोळी. तिसऱ्यात तर काय हलत होता! सगळीच्या सगळी भरली. बाहेर येऊन सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

"सगळी? माह्या कोंबड्याले त धड चालता बी येत नाही."

"चालाचं काम नाही त्याले. दुसरं काम हाय."

ती पदर तोंडाला लावून हसत गेली. म्हातारी मात्र हसली नाही. ती अंगणात तूर पाखडत होती, सूप थांबवून माझ्याकडं पाहत राहिली.

दोन-तीन दिवसांनी आमच्याच काळ्या कोंबडीची अंडी पाहिली. तीही सगळी भरलेली.

"असं कधी झालं हाय का?" म्हातारी म्हणाली. "एखादं त वांझ निघतेच."

"माह्या नजरेवर शंका हाय का तुले?"

"नजरेवर नाही. कोंबड्यावर हाय."

"यंदा चारापाणी चांगला झाला. कोंबडे जोमात हायत," मी म्हटलं आणि विषय तोडला. खरं सांगायचं तर मी खूश होतो. एवढं भरलेलं अंडं, एवढा ठसठशीत कोळी मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मग ती दुपार. आमची एक तलंग पहिल्यांदाच अंड्यावर आली होती. कडब्याच्या पेंढ्यांत तिनं अंडं घातलं आणि ओरडून गाव डोक्यावर घेतलं. मी ते उचललं. ऊन-ऊन होतं अजून, वरची ओल वाळायची होती. पहिलंवहिलं अंडं, कुठं चीर तर नाही, म्हणून सवयीनं भोकाला लावलं.

आत कोळी होता.

मी अंडं काढलं, धोतराला पुसलं, पुन्हा लावलं. कोळी. काळा, त्याला पाय, आणि हलतही होता. आता हे शिकलेल्या माणसाला समजावून सांगावं लागेल, पण कोंबडी पाळणाऱ्या पोरालाही माहीत असतं की आत्ता घातलेल्या अंड्यात काहीच दिसत नाही. ऊब लागल्याशिवाय जीव धरत नाही. पोर पोटातून पडल्याबरोबर चालायला लागलं, असं कोणी सांगितलं तर कसं वाटेल? तसं मला झालं. भूतबाधेची गोष्ट मी कधी मानली नाही, पण त्या क्षणी वाटलं, हे अंडं हातातून टाकून द्यावं.

टाकलं नाही. भोकापासून बाजूला केलं आणि उन्हाचा गोल समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पडला. कोळी भिंतीवर गेला.

मी डोळा उजवीकडं नेला, कोळी उजवीकडं. डावीकडं नेला, तो डावीकडं, जरा मागं राहून, पाय ओढत. डोळा मिटला, गेला. उघडला, आला. तेव्हा समजलं की तो कुठं बसला आहे.

गोठ्यातच बसलो, शेणात बसलो की कुठं बसलो ते पाहिलं नाही. बाहेर म्हातारी कोंबड्यांना हाका मारत होती, आणि मी एकच विचार करत होतो. हा डोळा गेला तर दुसरा नाही.

कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार? गावभर मीच मिरवत होतो. दुसऱ्या दिवशी वावरात गेलो तर कोळी आभाळात. हरभऱ्याच्या हिरव्यावर दिसत नव्हता, म्हणून मान खाली घालून चालायला लागलो. वाटलं, पाहिलं नाही तर निघून जाईल. गावाच्या पारावर आमच्या नात्यातला एक आंधळा म्हातारा बसायचा, आता नाही तो. पाऊल वाजलं की विचारायचा, "कोन हाय?" पोरं आवाज बदलून भलतंच नाव सांगायची आणि पळायची. तो त्या नावानं आशीर्वाद द्यायचा. तो म्हातारा त्या दिवसांत मला फार आठवला. त्याची नात त्याला हाताला धरून परसाकडं न्यायची आणि नाकाला पदर लावून बाजूला उभी राहायची. मला कोण नेईल? आणि कोणी नेलं तरी मी जाईन का?

दिवेलागणीला आणखी एक गोष्ट व्हायला लागली. डोळ्याच्या कडेला वीज चमकायची. आभाळ स्वच्छ, ढगाचा ठिपका नाही, आणि कानशिलाजवळ लख्ख. एकदा मी म्हातारीला विचारून बसलो, "इज चमकली का वं?"

"पुसाच्या महिन्यात?" ती म्हणाली. "डोक्सं ठिकानावर हाय ना?"

दोन दिवसांनी ती गोठ्याच्या दारात अंडं घेऊन उभी राहिली. शेजारणीच्या पोरीच्या मोबाइलनं तिनं काळ्या कोंबडीची अंडी चोरून पाहिली होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"अवो, एवढं पाहून सांगा बरं."

"आता ऊन नाही."

"ऊन नाही? अंगनभर पडलं हाय. कोंबड्या त्यात लोळून राह्यल्या."

"दार फुगलं हाय. लागत नाही."

"सकाळी त मीच लावलं."

"तू काहून मागं लागली? कोळी हाय त्यात. पाहाचं काय हाय?"

तिनं अंडं माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाली, "हातात बी न घेता सांगितलं तुमी. यात काहीच नाही. पाच अंड्यांत काहीच नाही. डोया काय म्हनते तुमचा?"

"डोयाले काय धाड भरली?"

"इकडं पाहा माह्याकडं."

मी पाहिलं. तिच्या कपाळावर कोळी चालत होता. मी नजर खाली घातली आणि तिला वाटेतून बाजूला करून निघून गेलो. मी असाच आहे. दवाखान्यात जायचं म्हणजे कोणाच्या तरी पुढं बसून ऐकून घ्यायचं, आणि ते मला जमत नाही. तिनं अकोल्याला पोराला फोन लावलेला मी ऐकला. पोरगा तिथं एमआयडीसीत कामाला आहे. मी बाहेरूनच ओरडलो, "त्याले काई सांगू नको." तिनं सगळं सांगितलं.

पुढची सकाळ उजाडली. कोंबड्यांचं खुराडं उघडलं. कोंबडा बाहेर आला आणि त्याला शेपूट नव्हतं. मागून कोंबडी आली, तिचे पाय नव्हते. मला वाटलं रात्री मुंगूस शिरलं. मग खुराड्याचाच खालचा कोपरा दिसेना. खालून नाकाच्या बाजूनं काहीतरी काळं वर चढलं होतं, ओल्या पोत्यासारखं. मी हातानं बाजूला करायला गेलो. हात त्यात शिरला आणि बोटं दिसेनाशी झाली.

"अवं!" मी ओरडलो. बायकोला हाक मारताना माझा आवाज असा कधीच निघाला नव्हता. ती धावत आली. "मले दिसत नाही. ने मले. कुठं बी ने."

ती रडली नाही. मी रडलो असतो. तिनं लुगड्याचा काष्टा नीट केला, कोंबड्यांना दाणे टाकले, शेजारणीला काळी कोंबडी सोपवली आणि माझा हात धरला. आम्ही एसटीनं अमरावतीला निघालो. खिडकीतून वरचं वरचं तेवढं दिसत होतं, झाडांचे शेंडे, घरांची टिनं. खाली काहीच नाही. प्रत्येक गावाजवळ मी पाहत होतो की ते पोतं आणखी वर आलं का. आलं आहे असंच वाटायचं.

दवाखान्यात पोरगा आधीच येऊन उभा होता. डॉक्टरीण तरणी होती, आमच्या नातीएवढी. तिनं माझी हनुवटी एका यंत्रावर टेकवली आणि डोळ्यात असा उजेड टाकला की मीच दाराच्या भोकाला लावलेलं अंडं झालो.

"हलू नका बाबा."

"मी नाही हलून राहिलो. तो हलून राह्यला."

"कोण?"

"कोळी."

तिनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, डोळ्याच्या आतला पडदा फाटला, फटीतून पाणी मागं शिरलं आणि पडदा सुटत चालला आहे. मधला भाग अजून चिकटून आहे, म्हणून दिसतंय. "काळं काही फिरायला लागलं, चमक दिसायला लागली, तेव्हाच यायला पाहिजे होतं. का नाही आलात?"

"मले वाटलं अंड्यात हाय."

ती पोराकडं पाहायला लागली. तिला वाटलं म्हाताऱ्याचं डोकंही फिरलं. म्हातारीनं मग सगळं सांगितलं, भोक, ऊन, वांझ अंडी, शेजारीण. बाजूची नर्स हसू दाबत होती. डॉक्टरीण हसली नाही.

"ऑपरेशन उद्याच करावं लागेल," ती म्हणाली.

"नाही केलं तर?"

"थोड्या दिवसांत पूर्ण अंधार."

"अन् केलं तर?"

"बऱ्याच जणांचं दिसतं. तुमचं दिसेलच, असं वचन मी देऊ शकत नाही."

मला वाटत होतं ती दुसऱ्या डॉक्टरांसारखं काही गोड बोलेल. नाही बोलली. त्या रात्रीचं मी सांगत नाही.

ऑपरेशनला झोपवत नाहीत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. डोळ्याच्या बाजूला सुई दिली, तोंडावर फडकं टाकलं, फक्त डोळ्यापुरतं भोक. मी जागा. सगळं ऐकू येत होतं, कात्रीचा आवाज, कोणीतरी चहा आला का विचारत होतं. आणि डोळ्याच्या आत सावल्या फिरत होत्या, काड्यांसारख्या. बाहेरून आत पाहायचं काम मी जन्मभर केलं. आतून बाहेर पाहणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. मी दात आवळून पडून राहिलो. हललो असतो तर संपलं, एवढंच डोक्यात होतं. खाली मुठीत पलंगाची गादी फाटेपर्यंत धरली होती, असं नर्स नंतर म्हणाली.

मग पट्टी. आणि पालथं झोपायचं. डोळ्यात वायू भरला होता, तो पडद्याला दाबून धरतो म्हणे, म्हणून मान खाली. जेवताना खाली, बसताना खाली, झोपताना पालथं. एकच डोळा आणि त्यावर पट्टी, म्हणजे जगात काहीच उरलं नाही. पहिल्यांदा पूर्ण अंधार. मी उशीत तोंड खुपसून पडलो होतो आणि कोणी दार उघडलं की मान न वळवता म्हणायचो, "कोन हाय?" दुसऱ्यांदा म्हटल्यावर माझं मलाच ऐकू आलं. मग विचारणं बंद केलं. पावलावरून ओळखायला लागलो.

"दिवस हाय का?" मी म्हातारीला विचारायचो.

"दिवस हाय."

"खरं सांग."

"खोटं काहून सांगू? चहा पेऊन राह्यले ना तुमी. रात्री कोन चहा देते?"

ती मला खाली वाकवून भाकरी चारायची. पोरगा आत आला तेव्हा ती म्हणाली, "घरी एक खुडूक बसवून आलो, इथं दुसरी बसली. तिच्याजवळ गेलं त ती टोचते, यायच्याजवळ गेलं त हे टोचते." पोरगा हसला, बाजूच्या खाटेवरचा माणूस हसला. मीही हसलो, उशीत. त्या दिवसांत तेवढंच हसलो. बाकी वेळ भ्यायलो होतो. एवढं मी बाप मेला तेव्हाही भ्यायलो नव्हतो.

पट्टी काढली तेव्हा मला वाटलं आता दिसेल. दिसलं काय, नुसतं दूध. पाण्याच्या तळाशी बसून वर पाहावं तसा हलणारा उजेड. डॉक्टरीण हात हलवत होती, तो ढगासारखा आला आणि गेला. माझ्या तोंडून निघालं, "गेला."

"गेला नाही बाबा. वायू विरायला दिवस लागतात. वरून एक रेष दिसेल, रोज खाली येईल. रेषेच्या वर जे दिसेल ते तुमचं."

घरी आणलं. खाट परसात टाकली, मी मान घालून बसलो. शेजारीण काळी कोंबडी परत द्यायला आली आणि बसल्या बसल्या सांगून गेली.

"माह्या लाल कोंबडीखाली चार पिल्लं निघाली, भाऊजी. बाकीची सडली. एक फुटलं, घरात उभं राहवत नव्हतं. माहा कोंबडा बिचारा खरं बोलत होता, तुमीच खोटं निघाले."

म्हातारीनं तिला डोळ्यानं दटावलं असावं, कारण ती गप्प झाली. मी म्हटलं, "बोलू दे तिले. तिचं नुसकान झालं." मग तिनंच माझ्या गुडघ्याला हात लावला आणि विचारलं, "काही दिसते का?"

"दिसंल," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं.

एका सकाळी मान जरा उचलली तर वरती एक फट होती. बारीक, वाकडी, हललो की हिंदकळणारी. फटीत परसातल्या लिंबाच्या झाडाचा शेंडा होता, आणि पानं वेगवेगळी होती. पानाच्या कडाही होत्या. मी म्हातारीला हाक मारली नाही. श्वास धरून पाहत राहिलो. पिल्लू निघायच्या दिवसांत अंड्याच्या जाड टोकाला हवेची जागा अशीच वाढत जाते, रेष रोज थोडी सरकते. आत कसं आहे, जिवंत आहे की मेलं, हे त्या रेषेवरून सांगता येतं. माझ्या डोळ्यातली रेष सरकली की नाही, हे मात्र मला सांगता येत नव्हतं. एका दिवशी ती खाली आली वाटायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. भीती माणसाला खोटं दाखवते.

पण आली खाली. आधी लिंब दिसला, मग भिंत, मग भिंतीवर बसलेला कोंबडा, आणि त्याचं शेपूट. पुढं म्हातारीचं तोंड पूर्ण दिसलं. ती थकलेली होती. मी तिला बघतो आहे हे कळल्यावर तिनं पदर डोक्यावर ओढला आणि विचारलं, "काय पाहून राहिले?"

"काही नाही."

पहिल्यासारखं नाही दिसत. सुईत दोरा आता तीच ओवते. सरळ काठी जरा वाकडी दिसते. डॉक्टरीण म्हणाली, पुन्हा सुटू शकतो, वजन उचलू नका, दर महिन्याला या. मी जातो. कोणी न सांगता जातो, एसटीत खिडकीजवळ बसतो. बाया अजून अंडी घेऊन येतात. मी त्यांना गोठ्यात पाठवतो आणि बाहेर बसून सांगतो की कोळी दिसला तर डोळा इकडंतिकडं हलवून पाहा, तो अंड्यातच राहिला पाहिजे. त्या म्हणतात, मोबाइलनं पाहतो ना. पाहा म्हणतो.

सकाळी जाग येते तेव्हा मी लगेच डोळा उघडत नाही. कोंबडा आरवतो, म्हातारी चुलीत काड्या घालते, ते ऐकत पडून राहतो. मग उघडतो आणि समोरच्या दाराची चौकट पाहतो. वरचा एक कोपरा, वरचा दुसरा, मग खालचे दोन. नाकाकडचा खालचा कोपरा सगळ्यात शेवटी पाहतो. तो असला की उठतो.